पूल बंद आहे

'व्हाइस सिटी' खेळलेल्यांना तो पूल आठवत असेल. २००२ सालच्या या गेममध्ये गाडी भरधाव सोडली, की पाण्यापलीकडे शहराचा दुसरा भाग दिसतो आणि पुलावर वाट अडवलेली असते. कारण चक्रीवादळाचा इशारा. ठरावीक मिशन पार पडली की पूल खुला.

अशी अडवणूक टळत नाही. गेममधली प्रत्येक गल्ली कुणीतरी बसून घडवलेली असते आणि ती यंत्राच्या मेमरीत मावावी लागते. हा गेम ज्या प्लेस्टेशन २ वर आला, त्याची मुख्य मेमरी अवघी ३२ एमबी होती. कुंपण घालावं लागतंच. प्रश्न आहे तो कसं घालायचं याचा.

सर्वांत सोपी अदृश्य भिंत. गेममध्ये दिसणारी वस्तू वेगळी आणि धडकेच्या हिशेबातली वेगळी. पडद्यावरच्या झाडाला भरगच्च पानं असतील, पण गेम चालवणाऱ्या इंजिनच्या लेखी तिथं बऱ्याचदा एक साधं नळकांडं असतं. नायकही बहुधा कॅप्सूलच्या आकाराचा. चित्र न काढता नुसता धडकेचा आकार ठेवला की भिंत तयार: समोर मोकळं माळरान आणि नायक जागच्या जागी पाय हलवतोय. मला हे मनापासून खटकतं. राक्षस लोळवणारा वीर गुडघाभर कुंपणापाशी अडला, की त्या जगावरचा विश्वासच उडतो.

याउलट १९९९चा 'सायलेंट हिल'. दूरवरचं शहर रंगवणं पहिल्या प्लेस्टेशनला झेपणारं नव्हतं, म्हणून धुकं आलं. रस्ते मध्येच तुटून दरीत संपतात. हरवलेल्या मुलीला शोधणाऱ्या बापाला चार पावलांपलीकडचं दिसत नाही. यंत्राची मर्यादा तिथं भीती होऊन बसते. 'सबनॉटिका' या समुद्राखाली घडणाऱ्या गेममध्ये तर भिंतच नाही. गेम ज्या विवरात घडतो, त्याच्या काठापलीकडे खुशाल पोहत जा. खाली अथांग काळोख आणि थोड्याच वेळात घोस्ट लेव्हायथन हा अजस्र जलचर अंगावर.

जगाला कडा आहे याचा खेळाडूंना राग नसतो. 'माइनक्राफ्ट'च्या जुन्या आवृत्त्यांत केंद्रापासून सुमारे सव्वा कोटी ठोकळ्यांवर भूभाग रचणारं गणितच कोलमडायचं आणि पोखरलेल्या, आभाळाला भिडणाऱ्या भिंती उभ्या राहायच्या. 'फार लँड्स' हे त्यांचं नाव. ही कडा कुणी आखलेली नव्हती. २०११मध्ये दुरुस्ती होऊन ती गेली, तरी जुनी आवृत्ती लावून तिकडं पायी निघालेले खेळाडू आहेत.