चिबडलेला मज्जारज्जू

साठीकडे झुकलेला एखादा माणूस येरमाळ्याला येडाईच्या देवळाच्या पायऱ्या चढताना अर्ध्यावर थांबतो. दम लागलेला नसतो, पायच उचलत नाहीत. पाच-दहा मिनिटं टेकलं की पुन्हा चालता येतं. गेल्या चैत्री पौर्णिमेला आपण न थांबता चढलो होतो हे त्याला आठवतं, पण तो वयाला दोष देतो. मग तळपायाला मुंग्या येतात, गुडघ्याखाली बधिर होतं, लघवीला जोर लावावा लागतो. कंबरेच्या एमआरआयमध्ये त्या वयात बहुतेकांची दिसते तशी झिजलेली गादी दिसते आणि पट्टा सुरू होतो. लघवीची तक्रार प्रोस्टेटवर ढकलली जाते.

बहुतेकांच्या बाबतीत दोष खरोखर मणक्याचाच असतो. पण क्वचित मूळ रक्तवाहिनीत असतं. त्या आजाराला स्पायनल ड्यूरल फिस्टुला म्हणतात. 10 लाखांत वर्षाला 5 ते 10 जणांना तो होतो, त्यांत पन्नाशीपुढचे पुरुष जास्त.

मज्जारज्जूभोवती ड्यूरा नावाचं जाड आवरण असतं. एरवी रोहिणीतल्या रक्ताचा जोर बारीक केशवाहिन्यांत ओसरतो आणि मगच ते नीलेत येतं. इथे ड्यूरातच एक छोटी रोहिणी थेट नीलेला जाऊन मिळते. तो जोर अंगावर आल्यावर नीला उलटी वाहू लागते आणि मज्जारज्जूतलं वापरलेलं रक्त बाहेर पडायला वाट उरत नाही. चारी तुंबली की रान चिबडतं, तसंच हे. पाणी कमी पडलेलं नसतं, निचरा बंद झालेला असतो. चालताना दाब वाढतो, म्हणून पाय चालतानाच दगा देतात.

फ्वा आणि आलाजुआनिन या फ्रेंच डॉक्टरांनी 1926 मध्ये अशा लकव्याचं वर्णन केलं. पुढे कित्येक वर्षं मज्जारज्जूवरच्या फुगलेल्या नसा म्हणजेच आजार, असं समजून त्या सोलून काढत. खरा जोड ड्यूरात आहे, हे 1977 मध्ये केंडॉल आणि लोग यांनी दाखवलं. निचऱ्याच्याच नसा काढून टाकल्यावर त्या रुग्णांचं काय झालं असेल, हा विचार मला अस्वस्थ करतो.

संशय आला तर फक्त कंबरेचा नव्हे, पाठीचाही एमआरआय हवा. त्यात मज्जारज्जू सुजून पांढरा दिसतो आणि त्याच्या पाठीमागे काळ्या, नागमोडी ठिपक्यांची रांग. ही सूज पाहून स्टिरॉइड दिलं, तर काहींचे पाय आणखी लुळे पडतात. म्हणून ते ठिपके आधी शोधायला हवेत.

जोड नेमका कुठे आहे, हे डीएसए तपासणीत कळतं. जांघेतल्या रोहिणीतून बारीक नळी महारोहिणीत नेतात आणि मणक्यामणक्याला जाणाऱ्या दोन्ही बाजूंच्या फांद्यांत एकेक करून औषध सोडून चित्रं घेतात. चिकाटीचं काम आहे. एक फांदी सुटली तर आजारही सुटतो.

मग त्याच नळीतून द्रवरूप गोंद सोडून जोड बुजवता येतो. गोंद नीलेच्या तोंडापर्यंत पोचायलाच हवा, अलीकडे थांबला तर वाट पुन्हा उघडते. मज्जारज्जूला रक्त पुरवणारी मुख्य रोहिणी त्याच फांदीतून निघत असेल, तर गोंद धोक्याचा. तिथे शस्त्रक्रिया करून, सूक्ष्मदर्शकाखाली जोडाची ती एक नीला बंद करतात.

यानंतर पायांची ताकद बहुतेकांना थोडीफार परत मिळते. लघवीचा त्रास मात्र हट्टी असतो. उपचाराआधी किती काळ गेला, यावर बरंच ठरतं. काही महिन्यांनी पुन्हा एमआरआय करतात. तोवर पाय परत जड वाटू लागले, तर त्या तारखेची वाट न पाहता आधीच दाखवायचं.