सहा फेऱ्यांची बैठक

घर १९५०-६०च्या धाटणीनं लावायचं ठरलं, की आधी नजर जाते ती पायांकडे. खुर्ची, दिवाण, कपाट सगळं निमुळत्या पायांवर उभं. खालची मोझेक फरशी मोकळी दिसते आणि केरसुणी आतपर्यंत फिरते. दादरच्या आमच्या लहान घरात म्हणूनच आम्ही सोफ्याला फाटा दिला आणि ओशिवऱ्याच्या जुन्या फर्निचरच्या बाजारातून सागवानी खुर्च्या आणल्या. सांगाडे भक्कम होते, बैठकी फाटलेल्या.

सागवान आणि वेत ही या शैलीची भारतातली खास जोडी. १९५१पासून चंडीगड उभं राहत असताना वास्तुकार ल कॉर्बुझिए यांचे चुलतभाऊ पिएर जानरे यांनी भारतीय सहकाऱ्यांबरोबर तिथल्या कचेऱ्यांसाठी याच जोडीतून खुर्च्या घडवल्या. दमट हवेत वेताची जाळी गादीपेक्षा सुखाची. पाठीला वारा लागतो.

विणणारे काका घरीच आले. त्यांनी वेताच्या पट्ट्या पाण्यात भिजत घातल्या, चौकटीच्या भोकांतला जुना वेत टोच्यानं काढला आणि विणायला बसले. तुकतुकीत बाजू वर ठेवत पहिली फेरी मागून पुढे, दुसरी तिच्यावरून आडवी. तिसरी पुन्हा उभी, पहिलीच्याच भोकांतून, पण जरा सरकवून. प्रत्येक भोकात लाकडी खुंटी ठोकून ताण धरायचा.

“काका, ही पट्टी सैल नाही का राहिली?”

“असू द्या ताई. पुढच्या फेऱ्या तिला ताणून घेतील.”

खरी वीण चौथ्या फेरीत सुरू झाली : आडवी पट्टी एका उभीच्या वरून, दुसरीच्या खालून. मग दोन तिरप्या फेऱ्या, एकमेकींना छेदणाऱ्या. तिरपी पट्टी योग्य बाजूनं गेली तर उभ्या-आडव्या पट्ट्यांच्या जोड्यांमधल्या खाचेत अलगद बसते. चुकीच्या बाजूनं गेली तर अडकते आणि पुढे घासून तुटते. काका हे डोळ्यांपेक्षा बोटांनी ओळखत होते. चौकोनी जाळीची बघता बघता अष्टकोनी झाली. शेवटी कडेच्या भोकांवर रुंद पट्टी बांधून घेतली. ओला वेत वाळताना आकसतो, त्यामुळे दुसऱ्या दिवशी बैठकीवर टिचकी मारली तर डफासारखा आवाज आला.

पुढे बैठक थोडी लोंबली, तर खालच्या बाजूनं ओलं फडकं फिरवायचं आणि वाळू द्यायची. वरची तुकतुकीत साल पाणी पीत नाही, म्हणून खालून.

जुनी खुर्ची घेताना ती उलटी करून पाहा. सांधे घट्ट आहेत का, भोकांमधलं लाकूड चिरलेलं नाही ना, एवढं तपासा. फाटक्या वेताला घाबरू नका. ही शैली टिकली ती दुरुस्त करता येते म्हणून. तेव्हा नव्या नकलेवर घालायचे पैसे विणणाऱ्याच्या हातावर ठेवा. त्याला काम मिळत राहिलं, तरच या खुर्च्या पुढच्या पिढीलाही बसायला मिळतील.