कोण कुणाला जोखत होतं?

यवतमाळ जिल्ह्यातल्या कापसासाठी २००६ हे वर्ष तीन गोष्टींचं होतं. जुलैच्या पहिल्या तारखेला पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी विदर्भातल्या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांचं पॅकेज जाहीर केलं. त्याच वर्षी बोलगार्ड-२ या बियाण्याला देशात परवानगी मिळाली. आणि यवतमाळच्या लोहारा एमआयडीसीतला रेमंडचा डेनिम कारखाना ‘रेमंड यूको डेनिम’ या नव्या कंपनीत गेला. तिच्यात निम्मा वाटा बेल्जियमच्या यूको कंपनीचा होता. पहिल्या दोन बातम्यांवर उमरखेडच्या चहाच्या टपऱ्यांवर महिनोन्‌महिने बोलणं झालं. तिसरी वर्तमानपत्राच्या व्यापार पानावर आली आणि तिथेच राहिली. वास्तविक आपल्या कापसाचं कापड आपल्याच जिल्ह्यात व्हावं आणि त्यात परदेशी पैसा यावा, ही पुढाऱ्यांच्या भाषणांतली जुनी मागणी होती. ती पुरी झाली तेव्हा मात्र कुणी गुलाल उधळला नाही.

आमचा उमरखेड तालुका जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला. पैनगंगा ओलांडली की मराठवाडा. यवतमाळ शंभरेक किलोमीटरवर, नांदेड त्याहून जवळ. १९०५ पर्यंत पुसद तालुका वाशीम जिल्ह्यात होता आणि उमरखेड त्या तालुक्यातलं एक गाव. इसापूर धरणाचं पाणी पोचलं तिथे ऊस, हळद, केळी आली. पोफाळीचा वसंत साखर कारखाना उसावर चालला आणि पुढे बंद पडून भाडेतत्त्वावर गेला. उरलेल्या कोरडवाहू रानात आजही पऱ्हाटी, सोयाबीन आणि तूर. वेचलेला कापूस खेडा खरेदीवाल्याच्या काट्यावर जातो किंवा भारतीय कापूस महामंडळाच्या (सीसीआय) केंद्रावर. जिनिंगमध्ये सरकी वेगळी होते, रुईच्या १७० किलोच्या गाठी बांधल्या जातात, गाठी ट्रकवर चढतात आणि तिथून पुढचं शेतकऱ्याला काही कळत नाही. हे काही उमरखेडचंच नाही. राज्यात पिकणाऱ्या कापसापैकी जेमतेम तीस टक्के कापसावर राज्यात पुढची प्रक्रिया होते, असं २०२३ च्या वस्त्रोद्योग धोरणात शासनानंच लिहून ठेवलं आहे.

परदेशी पैशाची या कापसावरची नजर मात्र फार जुनी. १८५३ च्या तहानं निजामाकडून वऱ्हाडाचा कारभार इंग्रजांकडे आला, तेव्हाच कंपनी सरकारच्या डोळ्यांपुढे इथली काळी जमीन होती. अमेरिकेतल्या यादवी युद्धानं (१८६१-६५) लँकेशायरच्या गिरण्यांचा कच्चा माल तुटला आणि वऱ्हाडाच्या कापसाला सोन्याचा भाव आला. १८७० मध्ये खामगावपर्यंत रेल्वेचा फाटा आला आणि त्याच्या उद्‌घाटनाला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो हजर राहिले. स्वित्झर्लंडच्या विंटरथूर गावातले फोलकार्ट बंधू, ग्रीक वंशाचे रॅली बंधू, पुढे जपानी कंपन्या, सगळ्यांचे दलाल या बाजारपेठांतून फिरत असत. (याच फोलकार्टनी १९५४ मध्ये टाटांबरोबर व्होल्टास काढली. आज ज्यांच्या घरात तिचा कूलर किंवा एसी आहे, त्यांच्यापैकी कितीजणांना त्या नावातला ‘व्होल’ कापसाच्या व्यापाऱ्याचा आहे हे ठाऊक असेल!) यवतमाळ-मूर्तिजापूर-अचलपूर ही अरुंद मार्गाची शकुंतला रेल्वेही किलिक निक्सन या ब्रिटिश कंपनीच्या व्यवस्थेखाली विसाव्या शतकाच्या आरंभी झाली, ती कापूस मूर्तिजापूरला मोठ्या गाडीवर चढवण्यासाठी. तिचं मँचेस्टरमध्ये बनलेलं वाफेचं इंजिन १९९४ पर्यंत धावलं. देशातल्या रेल्वे सरकारच्या झाल्या, पण या रुळांची मालकी कंपनीकडेच राहिली, याची गंमत वर्तमानपत्रं दर दोन-चार वर्षांनी नव्यानं सांगतात.

त्या काळातली पारख साधी होती. धाग्याची लांबी किती, कचरा किती, बंदरापर्यंत नेण्याचा खर्च किती. पिकवणाऱ्याची किंवा गावाची पारख करायची गरजच नव्हती. पैसा गाठ उचलायला आला होता. ती उचलली की काम झालं.

दीडशे वर्षांनी आलेल्या पैशाचा रस्ता उलटा होता, तो बियाणं विकायला आला. जालन्याच्या महिको कंपनीनं १९९८ मध्ये मोन्सँटोबरोबर भागीदारी केली, २००२ मध्ये बीटी कापसाला परवानगी मिळाली आणि चार-पाच हंगामांत आमच्या तालुक्यात दुसरं बियाणं शोधून सापडेना. साडेचारशे ग्रॅमचं पाकीट सुरुवातीला सोळाशे रुपयांच्या घरात होतं. त्यात तंत्रज्ञानाचं शुल्क किती, यावर आंध्र सरकार भांडलं, आणि २००६ मध्ये तिथे किंमत साडेसातशेवर आली, मग आपल्याकडेही उतरली. उमरखेडच्या शेतापर्यंत थेट पोचलेली परकीय गुंतवणूक कोणती, असं कुणी विचारलं तर माझं उत्तर बियाण्याचं पाकीट हेच आहे. गिरणी नाही.

गिरणीकडे परदेशी पैसा उशिरा का वळला, याचं एक कारण आपल्याच जिल्ह्यात जन्मलं आहे. पुसदजवळच्या गहुलीचे वसंतराव नाईक मुख्यमंत्री असताना १९७१ चा कायदा झाला आणि पुढच्या हंगामापासून कापूस एकाधिकार योजना सुरू झाली. शेतकऱ्यानं कापूस पणन महासंघालाच द्यायचा, गिरणीनं त्यांच्याकडूनच घ्यायचा. हेतू चांगला होता आणि काही वर्षं भावाला आधारही मिळाला. पण चुकारे रखडले. सीमेपलीकडे भाव चढला की रात्रीतून गाड्या आदिलाबादकडे निघायच्या. किनवटच्या बाजूला राहणाऱ्यांना हे सांगायला नको. ज्या राज्यात गिरणीला कच्चा माल हवा तिथून, हवा त्या प्रतीचा घेता येत नाही, तिथे बाहेरचा गुंतवणूकदार कशाला येईल? ही योजना २००२ च्या सुमारास संपली.

योजना चालू असतानाही विदर्भात दोन कारखाने आले. नव्वदच्या दशकात नागपूरजवळ बुटीबोरीत मोरारजी गटानं इटलीच्या मानिफत्तुरा दी व्हाल्ले ब्रेम्बाना या बर्गामोकडच्या गिरणीबरोबर शर्टिंगचा कारखाना काढला. आणि १९९६ मध्ये रेमंडनं यवतमाळला डेनिम सुरू केलं. यवतमाळ निवडण्यात सवलतींचा भाग होताच. पण डेनिमचं सूत जाड असतं, त्याला इजिप्तच्या लांब धाग्याची गरज पडत नाही. वऱ्हाडी कापूस त्याला चालतो, किंबहुना शोभतो.

मग २००५ उजाडलं. १ जानेवारीपासून जगातला कापड निर्यातीचा कोटा संपला. चाळीसेक वर्षं अमेरिका आणि युरोपनं कोणत्या देशाकडून किती कापड घ्यायचं हे ठरवून टाकलं होतं. ते बंधन गेलं. युरोपातल्या जुन्या गिरण्यांना त्या दिवशी आपलं भविष्य कळलं असणार. बेल्जियमचं गेंट हे सुताचं पुरातन शहर. लिव्हेन बॉवेन्स नावाच्या माणसानं अठराव्या शतकाच्या शेवटी इंग्लंडमधून सूतकताईचं यंत्र चोरून तिथे नेलं, त्यावर शहर श्रीमंत झालं आणि युरोपातलं मँचेस्टर म्हणवून घेऊ लागलं. यूको तिथलीच. तिचे कारखाने गेंटमध्ये, रोमानियात, अमेरिकेत होते. रेमंडचा यवतमाळात. दोघांनी निम्मे-निम्मे घेऊन सगळं एका छत्राखाली आणलं आणि वर्षाला सुमारे आठ कोटी मीटरची क्षमता जाहीर केली. कागदावर ही जोडी सुरेख दिसत होती: त्यांच्याकडे बाजार, नमुने, युरोपातले ग्राहक, आपल्याकडे कापूस, मजूर, नवी यंत्रं.

अशा व्यवहारात जोखणारा काय काय बघतो हे कुठल्याही गिरणीच्या हिशेबनीसाला पाठ असतं. चात्या किती जुन्या, वीज कोणत्या दरानं, पाणी किती आणि रंगाचं पाणी सोडायची परवानगी आहे का, कर्जाचं व्याज नफ्यातून निघतं का. आणि सगळ्यात आधी कापूस. सुताच्या किमतीत निम्म्याहून जास्त वाटा त्याचाच. तो नोव्हेंबर ते फेब्रुवारीत घ्यावा लागतो आणि वर्षभर पुरवावा लागतो, म्हणजे खेळतं भांडवल गोदामात अडकून पडतं. भाव चढला तर गोदाम सोन्याचं, उतरला तर तेच गळ्यातलं लोढणं. बेल्जियमवाल्यांनी यवतमाळला हे सगळं तपासलं असणार. तपासायलाच हवं.

पण उलट्या बाजूची तपासणी कोण करत होतं? दोनच वर्षांत अमेरिकेतली मंदी आली आणि २००८-०९ च्या सुमारास गेंट आणि अमेरिका, दोन्ही ठिकाणचं काम बंद करावं लागलं. रोमानियाचा कारखाना राहिला आणि यवतमाळचा राहिला. ज्या युरोपीय बाजूच्या भरवशावर निम्मा वाटा दिला, ती बाजूच आधी ढासळली. तिथल्या कामगारांची भरपाई, बंद करण्याचा खर्च, तोटा, हे सगळं संयुक्त खात्यात आलं. यवतमाळचा कारखाना मात्र फिरत राहिला.

कोल्हापूरलाही तेच घडलं, थोड्या वेगळ्या वळणानं. रेमंडनंच त्याच सुमारास इटलीच्या झांबाइती गटाबरोबर ‘रेमंड झांबाइती’ काढली. उंची शर्टिंगचं कापड, कागलच्या औद्योगिक वसाहतीत. पुढच्या दशकात त्या गटाची इटलीतली कोतोनिफिचो होनेगर ही बर्गामोजवळची गिरणीच कर्जात बुडाली. कंपनीचं नाव बदलून ‘रेमंड लक्झरी कॉटन्स’ झालं, वाटा रेमंडकडे सरकला. अमरावतीजवळ नांदगाव पेठेत जो लिननचा कारखाना आला, तो याच कंपनीच्या नावानं. बुटीबोरीतून ब्रेम्बानाचं नावही गेलं. तिथे मात्र शेवट निराळा झाला: मोरारजी टेक्सटाइल्स स्वतःच २०२४ मध्ये दिवाळखोरीच्या प्रक्रियेत दाखल झाली. म्हणजे देशी भागीदार नेहमी भक्कम असतो, असंही नाही.

यातून माझं मत बनलं ते असं. परदेशी भागीदार येतो तेव्हा आपण वधूपक्षासारखे वागतो. जमीन दाखवतो, वीज सवलत दाखवतो, मंत्र्यांच्या हस्ते नारळ फोडतो. पाहुण्याच्या घरी चूल पेटते का, हे विचारायला लाजतो. वरील दोन इटालियन आणि एका बेल्जियन भागीदाराला इथे का यावंसं वाटलं? घरी धंदा टिकत नव्हता म्हणून. यात गैर काहीच नाही. पण मग पारख दोन्ही बाजूंनी व्हायला हवी होती, आणि गेंटचा ताळेबंद यवतमाळात वाचला जायला हवा होता.

विदर्भात परदेशी पैसा येऊन टिकला, असं कापडधंद्यातलं ठळक उदाहरण पुन्हा बुटीबोरीचंच आहे. तिथली इंडो रामा सिंथेटिक्स तोट्यात असताना २०१९ मध्ये बँकॉकच्या इंडोरामा व्हेंचर्सनं तिच्यात नियंत्रणाचा हिस्सा घेतला. घेणारे आलोक लोहिया, देणारे त्यांचे मोठे भाऊ ओमप्रकाश लोहिया. कारखान्याची नस न्‌ नस घरातच माहीत, बाहेरून जोखायला काही उरलंच नव्हतं. आणि तिथे तयार काय होतं? पॉलिएस्टर. कापसाच्या आगारातली ही मोठी परकीय गुंतवणूक कापसाच्या बोंडाला हात न लावणारी आहे, हे आम्ही उमरखेडकरांनी हसून घ्यावं की रडून, ठरवणं कठीण.

कापड उद्योगात शंभर टक्के परकीय गुंतवणुकीला सरकारी परवानगीच लागत नाही. तरी २००० पासून देशात आलेल्या थेट परकीय गुंतवणुकीत या क्षेत्राचा वाटा एक टक्क्याहूनही कमी आहे. परदेशी ब्रँडना गिरणी नको असते, माल हवा असतो. ऑर्डर आज यवतमाळला, उद्या बांगलादेशला देता येते. गिरणी उचलून नेता येत नाही. देशात डेनिमची यंत्रंही मागणीपेक्षा जास्त झाली. २०२२ च्या मे महिन्यात रुईची खंडी (३५६ किलो) लाखाच्या वर गेली तेव्हा गिरण्यांनी पाळ्या कमी केल्या. २०२५ च्या ऑगस्टमध्ये तर एकाच पंधरवड्यात दोन्ही टोकं जळाली: गिरण्यांना दिलासा म्हणून आयात कापसावरचं अकरा टक्के शुल्क केंद्रानं तात्पुरतं काढलं आणि अमेरिकेनं भारतीय मालावर पन्नास टक्के कर लावला. त्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये जाहीर झाला होता, पण खेडा खरेदीवाला तेवढा देईना आणि सीसीआयच्या केंद्रावर रांगा लागल्या.

राज्याच्या २०२३-२८ च्या धोरणात तीस टक्क्यांची प्रक्रिया ऐंशी टक्क्यांवर न्यायचं लिहिलं आहे आणि विदर्भाला सवलतीही जास्त आहेत. नांदगाव पेठेत पीएम मित्र पार्कचं भूमिपूजन सप्टेंबर २०२४ मध्ये वर्ध्याहून झालं. सुमारे हजार एकरांवर सूत, कापड, रंगाई, शिलाई एकत्र आणायची कल्पना आहे. नागपूर-तुळजापूर महामार्ग उमरखेडवरून जातो. वर्धा-यवतमाळ-नांदेड रेल्वेचा वर्धा ते कळंब हा टप्पा फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाला. उमरखेडचं स्थानक त्याच मार्गावर ठरलं आहे. पार्कमध्ये जागा घ्यायला परदेशी कंपन्या येतीलही. त्यांच्याबरोबरच्या करारांत जमिनीचा दर, विजेचा दर आणि किती वर्षांची करमाफी हे असेलच. त्या कंपनीच्या मायदेशातल्या कारखान्यांचे गेल्या पाच वर्षांचे हिशेब, तिथली देणी, आणि तिथलं काम बंद पडलं तर इथल्या संयुक्त खात्यावर किती भार येईल याची मर्यादा, ही तीन कलमं मी त्या करारांत आधी शोधेन.