झाकणाचा दाब

वर्ध्याच्या मे महिन्यात जुनी मोटार उकळली की सल्ला येतो, ‘जास्त दाबाचं झाकण लावा.’ मी म्हणतो, थांबा. रेडिएटरचं झाकण पाणी थंड करत नाही, फक्त उकळणं लांबवतं. चौरस इंचाला एक पौंड दाब वाढला, तर सुमारे दीड अंश. म्हणून 7 पौंडांच्या झाकणाखाली पाणी 111 अंशांच्या आसपास उकळतं. पण 1908 साली आलेल्या फोर्ड मॉडेल टीत दाबाचं झाकणच नव्हतं. पुढच्या कित्येक गाड्यांचे रेडिएटरही कमी दाबासाठीच घडवलेले. 4 पौंडांच्या जागी 15 पौंडांचं झाकण बसवलं, तर डाखाचे सांधे सुटू शकतात. तेव्हा मंडळी, गाडीच्या पुस्तिकेतला आकडा पाळा. तरीही तापली, तर जाळी धुवा, पंख्याचा पट्टा पाहा. गरम इंजिनाचं झाकण मात्र उघडू नका. दाब सुटताच पाणी उसळून अंग भाजतं.