कोबे–मुंबई: एका समुद्रवाटेचा मागोवा

१८९३ साली मुंबईहून जपानला कापूस पाठवायचा तर पी अँड ओ या ब्रिटिश कंपनीच्या आणि तिच्या साथीदारांच्या बोटींशिवाय सोय नव्हती. भाडं ते सांगतील ते. जमशेटजी टाटांनी ही मक्तेदारी मोडायची ठरवलं आणि निप्पॉन युसेन कैशा या जपानी कंपनीशी संधान बांधून मुंबई–कोबे मार्ग सुरू केला. पी अँड ओने लगेच भाडी पाडली. मुंबईचे व्यापारी स्वस्ताईला भुलून तिकडे परतले आणि टाटांना आपली लाइन गुंडाळावी लागली. जपानी कंपनी मात्र टिकली, कारण तिथल्या गिरणीमालकांनी माल आपल्याच बोटींतून आणायचा शब्द पाळला. दोन देशांच्या व्यवहाराचा तो पहिला मोठा धडा होता, आणि तो जपानने जास्त नीट गिरवला.

दुसऱ्या महायुद्धानंतर पुढाकार दिल्लीने घेतला. १९५१च्या सॅन फ्रान्सिस्को परिषदेला भारत गेला नाही. ९ जून १९५२ रोजी त्याने जपानशी स्वतंत्र शांतता करार केला आणि युद्धाच्या नुकसानभरपाईवर पाणी सोडलं. टोकियो ते विसरलं नाही. १९५८ साली जपानने पहिलं येन-कर्ज दिलं ते भारतालाच.

पोर्तुगीज राजवटीतल्या गोव्यात तेव्हा वेगळंच चित्र होतं. डिचोलीजवळच्या शिरगावच्या खाणीत जपानी कर्जातून यंत्रं आली. खनिज बार्जमधून नदीने मुरगावला उतरायचं आणि तिथून मोठ्या जहाजांत भरून जपानच्या पोलाद कारखान्यांकडे जायचं. गोवा मुक्त झाल्यावरही ही वाहतूक सुरूच राहिली. पुढे बैलाडिल्याचं खनिज विशाखापट्टणममार्गे जाऊ लागलं. १९८२ साली सुझुकीने मारुतीशी करार केला आणि पुढच्याच वर्षी मारुती ८०० रस्त्यावर आली. कच्चा माल तिकडे, यंत्रं आणि पैसा इकडे, असा हा सरळ व्यवहार होता. संरक्षणाचा विषय निघायचाच नाही. जपान अमेरिकेच्या छत्राखाली होता आणि भारत अलिप्त होता.

१९९१ साली परकीय चलन संपत आलं, तेव्हा रिझर्व्ह बँकेने सुमारे ४७ टन सोनं बँक ऑफ इंग्लंड आणि बँक ऑफ जपानकडे तारण ठेवलं. ओळख अशी अडीनडीला उपयोगी पडण्याइतकी जुनी होती. तरी मे १९९८च्या पोखरण चाचण्यांनंतर हिरोशिमा-नागासाकी सोसलेल्या देशाने नवी कर्जं रोखली आणि संबंध गोठले.

ते पुन्हा सैल झाले, त्यात शिखर परिषदांइतकाच एका चोरीला गेलेल्या जहाजाचा वाटा आहे.

२२ ऑक्टोबर १९९९ रोजी ‘अलाँड्रा रेनबो’ हे जपानी मालकीचं जहाज सुमारे सात हजार टन ॲल्युमिनियमच्या लाद्या घेऊन इंडोनेशियातून जपानकडे निघालं आणि काही तासांतच चाच्यांच्या हाती पडलं. कप्तानासह सतरा खलाशांना त्यांनी रबरी तराफ्यावर सोडून दिलं. बऱ्याच दिवसांनी थायलंडच्या मच्छीमारांनी त्यांना वाचवलं. तोवर जहाजाचं नाव रंगवून ‘मेगा रामा’ केलं होतं, झेंडा बदलला होता आणि बराचसा माल वाटेत उतरवून विकला होता. नोव्हेंबरच्या मध्यास ते अरबी समुद्रात दिसलं. भारतीय तटरक्षक दलाच्या ‘ताराबाई’ या गस्तीनौकेने त्याला थांबायला सांगितलं, इशाऱ्याच्या गोळ्या झाडल्या, तरी ते पळत राहिलं. मग नौदलाच्या ‘आयएनएस प्रहार’ने त्याला गाठलं. चाच्यांनी आग लावून, पाणी आत घेऊन जहाज बुडवायचा प्रयत्न केला, पण जहाज वाचलं आणि ओढत मुंबईत आणलं गेलं. पंधरा इंडोनेशियन आरोपींवर मुंबईतच खटला चालला. २००३ साली सत्र न्यायालयाने त्यांना शिक्षा केली, २००५ साली उच्च न्यायालयाने सोडलं. चाचेगिरीविरुद्ध स्वतंत्र कायदा आपल्याकडे नव्हता. तो संसदेने संमत केला २०२२ साली, आणि हा उशीर अक्षम्य आहे.

जपानला मात्र जे कळायचं ते कळलं होतं. त्याचं तेल ज्या समुद्रातून येतं, तिथे मदतीला धावणारा कोणी आहे. २००० साली दोन्ही तटरक्षक दलांचा संयुक्त सराव सुरू झाला. त्याच ऑगस्टमध्ये पंतप्रधान योशिरो मोरी भारतात आले, आणि पुढच्या वर्षी चाचण्यांनंतरचे निर्बंधही उठले.

त्यानंतरची पावलं भराभर पडली. २२ ऑगस्ट २००७ रोजी शिंझो आबे यांनी भारतीय संसदेत हिंदी आणि प्रशांत महासागरांच्या संगमाची कल्पना मांडली. २००८ साली सुरक्षा सहकार्याचा जाहीरनामा झाला, २०१५ पासून जपान ‘मलबार’ नौदल सरावाचा कायमचा भागीदार बनला आणि २०१६ साली अणुकरारावर सह्या झाल्या. अठरा वर्षांपूर्वी चाचण्यांवरून कर्जं रोखणाऱ्या देशाने ही सही करावी, हा या काळातला सर्वांत मोठा पालट म्हणायला हवा. २०२० च्या करारामुळे एकमेकांच्या जहाजांना इंधन आणि रसद देता येऊ लागली.

सगळंच जमलं असंही नाही. पाण्यावर उतरणाऱ्या ‘यूएस-२’ विमानांच्या खरेदीची बोलणी वर्षानुवर्षं चालली, विमान आलं नाही. मुंबईकरांना जपान रोज भेटतो तो भुयारी मेट्रो तीन आणि अटल सेतू यांच्या कर्जांतून. अहमदाबाद–मुंबई बुलेट ट्रेनचं भूमिपूजन २०१७ साली झालं, आणि महाराष्ट्रातल्या भूसंपादनात तिची कित्येक वर्षं गेली.

खरी दुखरी जागा व्यापाराची आहे. सर्वंकष आर्थिक भागीदारी करार १ ऑगस्ट २०११ पासून लागू आहे, तरी २०२२–२३ मध्ये भारताने जपानकडून सुमारे साडेसोळा अब्ज डॉलरचा माल घेतला आणि विकला तो जेमतेम साडेपाच अब्जांचा. नौदलं जवळ आली, तितका भारतीय कारखानदार जपानी बाजारात शिरू शकलेला नाही. तिथल्या दर्जाच्या कसोट्या कडक, ग्राहक जुना पुरवठादार सहसा न सोडणारा, आणि आपल्याकडे त्या बाजारासाठी वर्षानुवर्षं चिकाटीने उभं राहण्याची तयारी अजून थोड्याच उद्योगांत दिसते.