बुद्धिबळाच्या पटावरचा चुंबक

लोखंडी खिळा चुंबकाला चिकटतो हे मुलांना ठाऊकच असते. पण लोखंड ७७० अंश सेल्सिअसच्या वर तापवले, की त्याचा हा गुण जातो. थंड केले की परत येतो. लोखंड तर अजून वितळलेलेही नसते. मग नेमके काय बदलते?

लोखंडाचा प्रत्येक अणू म्हणजे एक इवलासा चुंबक. शेजारचे अणू एकाच दिशेला तोंड करू पाहतात, उष्णता त्यांना विस्कटू पाहते. या ओढाताणीसाठी विल्हेल्म लेंझ यांनी १९२० मध्ये एक सोपे प्रारूप सुचवले. प्रत्येक अणूला दोनच दिशा, वर किंवा खाली. त्यांचा विद्यार्थी अर्न्स्ट ईझिंग याने अणूंच्या सरळ रांगेसाठी गणित सोडवले (१९२५). तीत चुंबकत्व टिकत नाही असे दिसले. तसेच त्रिमितीतही असणार, हा त्याचा निष्कर्ष मात्र चुकला.

का चुकला? हात धरून उभ्या असलेल्या मुलांच्या रांगेत एकाने हात सोडला तरी रांग तुटते. जाळीत तसे होत नाही. तिथे उलट्या अणूंचे बेट जितके मोठे, तितकी त्याची सीमा लांब आणि तितकी ऊर्जा जास्त लागते. द्विमितीय चौरस जाळीचे अचूक उत्तर लार्स ऑन्सागर यांनी १९४४ मध्ये दिले. चुंबकत्व जाते ते क्रांतिक तापमान २.२६९. त्रिमितीचे असे अचूक उत्तर आजही नाही. तिथे आकडेमोडच करावी लागते.

ती कशी करतात, हे वर्गात करून पाहता येईल. बुद्धिबळाच्या पटावर ६४ नाणी ठेवा. छापा म्हणजे वर, काटा म्हणजे खाली. सगळ्या मांडण्या तपासायच्या म्हटले तर २ चा ६४ वा घात, म्हणजे सेकंदाला शंभर कोटी तपासूनही सुमारे ५८५ वर्षे! म्हणून १९५३ मध्ये मेट्रोपोलिस व सहकाऱ्यांनी सुचवलेली युक्ती वापरायची.

१. चिठ्ठी काढून एक घर निवडा. पटाच्या समोरासमोरच्या कडा जोडलेल्या समजा, म्हणजे प्रत्येकाला चार शेजारी मिळतील.
२. दोन किंवा कमी शेजारी सारखे असतील तर नाणे उलटा.
३. तीन सारखे असतील तर शंभरांत १७ वेळा, चारही सारखे असतील तर शंभरांत ३ वेळाच उलटा. हे ०० ते ९९ च्या चिठ्ठ्यांनी ठरवा.

हे आकडे क्रांतिक तापमानाचे आहेत. तापमान वाढवले तर ते वाढतात, कमी केले तर घटतात. संगणक हेच कोट्यवधी वेळा करतो.

इथे चाणाक्ष विद्यार्थी विचारील, "सर, लोखंडात इतके अणू, आणि आपली ६४ नाणी. मग उत्तर खरे कशावरून?" शंका रास्त आहे. लहान पटावर बदल एकदम होत नाही, तो पसरट दिसतो. म्हणून ८, १६, ३२, ६४ अशा वाढत्या बाजूंचे पट घेतात आणि आलेख कसे सरकतात ते पाहतात. कर्ट बाइंडर यांनी १९८१ मध्ये असे एक गुणोत्तर सुचवले, की वेगवेगळ्या पटांचे त्याचे आलेख क्रांतिक तापमानाजवळ एकमेकांना छेदतात. द्विमितीत ही पद्धत २.२६९ च देते. तिथे खरी उतरली म्हणून त्रिमितीत तिच्यावर विसंबता येते. तिथले उत्तर आहे सुमारे ४.५११५.

क्रांतिक तापमानाजवळ चुंबकत्व एका ठरावीक घातांकाने घटते. त्रिमितीत तो सुमारे ०.३२६ आहे. ३७४ अंशांजवळ पाणी आणि वाफ यांच्या घनतेतला फरकही याच घातांकाने मिटतो! कुठे चुंबक, कुठे वाफ. पण शेजाऱ्यांची ओढ आणि उष्णतेची विस्कटण्याची धडपड दोन्हीकडे तीच.