बेसाल्टच्या टेकड्यांवरची आंबट वाइन

माजलगावात एप्रिल लागला की पारा चाळिशी ओलांडतो आणि जिभेला आंबट हवंसं वाटतं. ताक, पन्हं, ज्वारीचं पीठ ताकात रात्रभर भिजवून सकाळी शिजवलेली आंबील. इटलीची नैसर्गिक व्हाइट वाइन चाखताना मीही तिच्यात आंबटपणाच शोधत होतो.

ही वाइन गांबेल्लारातली. इटलीच्या ईशान्येला, विचेन्झा आणि वेरोना यांच्यामधलं हे गाव. तिथल्या टेकड्या ज्वालामुखीच्या बेसाल्टच्या. सिंदफणेकाठची आपली काळी रानंही बेसाल्ट झिजूनच झाली. द्राक्षाची जात गार्गानेगा. कधीकाळी पिझ्झेरिया चालवणाऱ्या अँजिओलिनो माउले यांनी याच गावात नैसर्गिक वाइनचा ध्यास घेतला आणि २००६ मध्ये ‘विननातुर’ ही उत्पादकांची संघटना उभी केली. द्राक्षाच्या सालीवर आणि तळघरात जे यीस्ट असेल त्यावरच रस आंबवायचा, विकतचं यीस्ट घालायचं नाही, हा त्यांचा दंडक. गंधकाचं, म्हणजे सल्फाइटचं, प्रमाणही अगदी कमी. युरोपात साध्या कोरड्या व्हाइट वाइनमध्ये लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत सल्फाइट चालतं. विननातुरची मर्यादा ५० आहे.

ग्लासात ती किंचित गढूळ दिसते, कारण गाळून चकचकीत केलेली नसते. रंग वाळल्या गवताचा. पहिला वास थोडा कोंदट येतो. ग्लास फिरवून पाच मिनिटं ठेवला की तो उडून जातो आणि पिकत आलेल्या बोरांचा, सफरचंदाच्या सालीचा वास वर येतो. घोट घेताच जिभेच्या कडांना आंबटपणा झोंबतो, गिळल्यावर कडू बदामाची चव मागे रेंगाळते. बर्फासारखी थंड केली तर यातलं निम्मं कळतच नाही. फ्रिजमधून काढून थोडा वेळ बाहेर राहू द्यावी.

हा आंबटपणा टिकवणं हेच अवघड काम. द्राक्षात मुख्यतः टार्टारिक आणि मॅलिक ही आम्लं असतात. उष्ण रात्री वेल श्वसनात मॅलिक आम्ल भराभर खर्ची घालते, साखर मात्र वाढत राहते. इटलीत सप्टेंबरच्या गार रात्री वेलीला सांभाळून घेतात. आपल्याकडे त्यावर तोडगा छाटणीनं काढला: एप्रिलमध्ये खरड छाटणी, ऑक्टोबरच्या सुमाराला फळछाटणी. म्हणजे घड थंडीत भरतात आणि ऊन चढायच्या आत, फेब्रुवारी-मार्चमध्ये उतरतात. दख्खनच्या शेतकऱ्याचं हे कसब मला तळघरातल्या कुठल्याही करामतीपेक्षा मोठं वाटतं.

इटलीचं हे ज्ञान आपल्या दारापर्यंत आलेलंच आहे. बार्शी-कुर्डुवाडी ओलांडली की अकलूज. तिथे इटलीचे सेच्ची, दिल्लीचे सेखरी आणि अकलूजचे मोहिते-पाटील अशा भावांच्या तीन जोड्यांनी ‘फ्रातेली’ ही वाइनरी उभारली आणि टस्कनीचे पिएरो मासी वाइन करायला आले. नाशिकला ‘सुला’ने २००० मध्ये पहिल्या वाइन बाजारात आणल्या, त्यात चेनिन ब्लाँ होती. आंबटपणा धरून ठेवणारी ही जात आपल्या हवेला मानवली.

मग कमी गंधकाची वाइन इथे सहज का होऊ नये? अडचण रस्त्याची आहे. सल्फाइट कमी म्हणजे हवा आणि जिवाणू यांच्यापासून संरक्षण कमी. मे महिन्यात ट्रकमध्ये तापलेली अशी बाटली माजलगावला पोचेपर्यंत शिळ्या सिरक्याच्या वाटेला लागलेली असायची. राहिलेली साखर पुन्हा आंबून बूच उडायचं ते वेगळंच. आंबील कोणी दूरच्या बाजारात पाठवत नाही; ती घरच्या गाडग्यातून घरच्याच ताटात येते. ही वाइनही तळघराजवळच प्यावी अशी आहे.

म्हणून अकलूज-नाशिकच्या वाइनरींकडे माझं मागणं लहानच आहे. चेनिन ब्लाँची एक टाकी बाहेरचं यीस्ट न घालता आंबवावी, गाळू नये, गंधक नावापुरतं ठेवावं. फेब्रुवारीतल्या तोडणीची वाइन मेपर्यंत बाटलीत येऊ शकते. ती परदेशी किंवा मुंबईला न धाडता वाइनरीच्या दारातच, थंड ठेवून, पावसाळ्याआधी विकून संपवावी. त्यासाठी माजलगावहून अकलूजपर्यंत एसटीनं जायला मी तयार आहे.